साध्या पाण्याचा गट

रंगराव चोपडे यांची एकोणीस वर्षांची नोकरी माझ्या एका शब्दामुळे गेली. शब्द तीन अक्षरी होता.

आता ही ओळ तुम्ही वाचलीच नाही असं समजा. मीही लिहिलेली नाही. चोपडे मामा अजून प्राणिगृहाच्या दारात स्टुलावर बसलेत, मी अजून पीएचडी झालेलो नाही, चोवीस उंदीर ठणठणीत आहेत आणि सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झालीत.

"सही करा," मामा म्हणाले.

"रोज करतो की."

"म्हणून आज बी करा. कारण ल्ह्या."

मी नोंदवहीत 'उंदीर हाताळणी' असं लिहिलं. मामांनी वही स्वतःकडे फिरवून वाचली, जणू आज तिथे मी 'चोरी' लिहिलं असणार. मग त्यांनी डाव्या तळहातावरची तंबाखू अंगठ्याने शेवटची दोनदा रगडली, वरचा चुना झाडला, चिमूट ओठाआड ठेवली आणि मला आत सोडलं.

"प्राणिगृहाच्या दारात तंबाखू?" मी म्हणालो.

"दारात. आत न्हाय."

"वास आत जातो मामा."

"वास तुमचा बी जातो. आमी काय बोलतो का?"

आमचं एकमेकांशी असं पहिल्या दिवसापासून होतं. मी त्यांना अडाणी समजत होतो, ते मला शहाणा समजत होते. आणि 'शहाणा' हा शब्द ते ज्या सुरात उच्चारत, त्यापेक्षा अडाणी बरं.

कृष्णाकाठच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयातली ही गोष्ट. नाव सांगत नाही. माझं नाव हर्षद डुबल, ते सांगायला हरकत नाही, कारण ते लपवून आता उपयोग नाही. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि संपूर्ण निर्व्यसनी. सिगारेट नाही, गुटखा नाही, चहासुद्धा नाही. हॉस्टेलच्या अर्जावर 'तंबाखूजन्य पदार्थांचं सेवन' या रकान्यात मी 'नाही' लिहून खाली रेघ मारली होती. दात मात्र माझे लहानपणापासून जरा नाजूक. हिरड्या ठणकायच्या. म्हणून मी दात वारंवार घासायचो. स्वच्छता हा काही दोष नाही.

माझा विषय असा होता: लहान वयात निकोटीन चाखलेला उंदीर मोठेपणी त्याच्या जास्त आहारी जातो का? जगात इतरत्र लोकांनी हे तपासलेलं होतं आणि उत्तर 'हो' असं होतं. आमच्या कॉलेजात अजून कुणी तपासलं नव्हतं, एवढंच त्यातलं नावीन्य. चोवीस पांढरे उंदीर, माणसात धरलं तर आठवी-नववीतल्या पोरांच्या वयाचे. बारांना पंधरा दिवस निकोटीनचं पाणी, बारांना साधं पाणी, म्हणजे हा नियंत्रण गट. मग सगळ्यांना महिनाभर साधं पाणी. ते प्रौढ झाले की प्रत्येकाच्या पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एक साधी आणि एक निकोटीनची, आणि कोण कुठल्या बाटलीला तोंड लावतो ते मोजायचं. निकोटीन कडू असतं. ज्याला ओळख नाही तो उंदीर हुंगून मागे सरतो. ज्याला ओळख आहे तो...

पण त्याआधी हाताळणी. त्या पंधरा दिवसांत प्रत्येक उंदराला रोज पाच मिनिटं उघड्या हातात घेऊन बसायचं, म्हणजे तो माणसाला बुजत नाही. माझ्या मार्गदर्शक अवधानी मॅडम याबाबतीत कडक होत्या. मी एकदा हातमोजे चढवले तर म्हणाल्या, "हातमोजे घालून बाळाला न्हाऊ घालतं का रे कुणी? काढ ते. उंदराला माणसाची सवय लागली पाहिजे."

चोवीस गुणिले पाच म्हणजे दोन तास. माझ्या हिरड्यांना दोन तास फार होतात. दर तीन-चार उंदरांनंतर मी बाहेर जाऊन, नळाखाली दात घासून परत यायचो. दर वेळी मामा नोंदवही पुढे करायचे.

"कारण?"

"दात घासायला गेलो होतो, हेसुद्धा लिहायचं?"

"बाहेर गेलासा, आत आलासा. नियम हाय. मी ल्हितो."

आणि ते खरंच लिहायचे.

उंदरांनी मला फार जीव लावला. आठव्या दिवशी मी आत पाऊल टाकलं की पिंजऱ्यांत हालचाल सुरू व्हायची. मागच्या पायांवर उभे राहून, मिशा थरथरवत, ते जाळीतून बघायचे. सतरा नंबरचा तर हातात घेतला की माझी तर्जनी दोन्ही पंजांनी धरायचा आणि चाटत बसायचा. साध्या पाण्याच्या गटातला, गरीब, निरागस.

"तुमाला बघून उभी राहत्यात," मामा दारातून म्हणाले. "माझी स्वतःची पोरं राहत न्हाईत."

"प्रेमानं वागवलं की राहतात."

"असंल," मामा म्हणाले आणि सतराकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

महिना गेला, उंदीर मोठे झाले, दोन-दोन बाटल्या लागल्या. चौथ्या दिवशी मी आकडे घेऊन मॅडमच्या खोलीत उभा होतो. मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. बहुधा चष्म्याचा दोष असावा अशी त्यांना आशा होती.

"साध्या पाण्याच्या गटानं काय प्यायलंय?"

"निकोटीन, मॅडम."

"किती?"

"दुसऱ्या गटाइतकंच. सतरा नंबर तर जरा जास्तच."

"डुबल," मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या. शांत झाल्या की त्या जास्त धोकादायक असत. "तुझ्या आकडेवारीनुसार, लहानपणी निकोटीन मिळालेला उंदीर आणि लहानपणी पाणी मिळालेला उंदीर दोघंही सारखेच नशेबाज. मग तुझ्या प्रबंधाचा निष्कर्ष काय लिहू? 'उंदीर असतात'?"

"बाटल्या बदलल्या गेल्या असतील."

"बाटल्या मी स्वतः तपासल्यात. त्या बारा उंदरांना लहानपणीच कुठूनतरी निकोटीन मिळालंय. कुठून, ते शोध. पंधरा दिवसांत कारण दे, नाहीतर विषय बदल. आणि विषय बदललास तर मार्गदर्शकही बदल. मी निवृत्त होईपर्यंत तुझे उंदीर सांभाळणार नाही."

मी बाहेर आलो. अडीच वर्षं गेलेली होती. घरी आईने शेजाऱ्यांना 'डॉक्टर झालाच' असं सांगून टाकलं होतं. मी नळावर जाऊन दात घासले. डोकं जरा शांत झालं. मग वळलो तर समोर, प्राणिगृहाच्या दारात, स्टुलावर, चोपडे मामा तंबाखू मळत बसले होते.

मला एकदम विज्ञान दिसलं.

अर्ज मी त्याच दुपारी टाईप केला. 'प्राणिगृह परिचर श्री. रंगराव चोपडे यांच्या तंबाखूने दूषित हातांमुळे नियंत्रण गट बाधित झाल्याचा दाट संशय आहे.' अर्ज प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी असलेल्या नैतिकता समितीकडे गेला. मॅडमनी त्याच्यावर 'सहमत' लिहिलं. त्यांनी माझ्या लिखाणावर तो शब्द पहिल्यांदाच लिहिला होता, त्यामुळे मला दोन दिवस फार छान वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मामांनी मला दारातच अडवलं. त्या दिवशी नोंदवही त्यांनी मांडीखाली दाबून ठेवली होती.

"तुमी अर्ज दिला म्हणं."

"दिला."

"माझ्या हाताबद्दल."

"तुमच्याबद्दल वैयक्तिक काही नाही मामा."

"हात माझाच हाय की."

मी त्यांच्या बाजूने आत जायला निघालो.

"आता ऐका," मामा म्हणाले. "आत जाताना मी साबणानं हात धुतो. मग मोजं घालतो. मग चिमट्यानं भुसा काढतो. एकुणीस वर्षांत एकाबी उंदराला माझं बोट लागल्यालं न्हाय. मला ती आवडत न्हाईत."

"आवडत नाहीत?"

"शेपट्या बघा की त्यांच्या."

"मग सांगा समितीला."

"सांगणारच हाय. पण एक ठावं असू द्या. मी एकुणीस वर्षं हंगामी हाय. कायम व्हायची माझी फाईल संचालकांच्या टेबलावर हाय. कोपऱ्यात हाय, पर टेबलावर हाय. तुमच्या कागदानं ती खाली पडंल. माझी थोरली बारावीला हाय."

"माझीही अडीच वर्षं आहेत, मामा."

"तुमची अडीच हायत. मला हिशेब करायला लावू नका." मामा उठले आणि स्टूल बाजूला घेतलं. "तुमच्या वरच्या खिशात काय हाय?"

"दात घासायची पूड."

"माझ्या खिशात तंबाखू. आता अर्ज कुणी कुणावर द्यायचा?"

मला तो विनोद कळला नाही. मला विनोद लगेच कळतात, तेव्हा तो विनोद नसावा असं ठरवून मी आत गेलो. सही करायची राहिली. मामांनी पहिल्यांदाच मागितली नाही.

समितीची बैठक सभागृहात भरली. अध्यक्ष प्राचार्य, बाहेरचे सदस्य म्हणून पशुवैद्य डॉ. इंगवले, मॅडम, आणि बशीत बिस्किटं. मी ताणात होतो, म्हणून आत जाण्यापूर्वी तीनदा दात घासले. चोपडे मामा धुतलेला शर्ट घालून आले होते. त्यांच्या एका काखेत नोंदवही होती आणि हातात कापडाने झाकलेला पिंजरा.

"हे काय?" प्राचार्यांनी विचारलं.

"साक्षीदार, सर."

कापड काढलं. सतरा नंबर.

"चोपडे, ही चौकशी आहे, सर्कस नाही."

"अर्जात माझ्या बोटाचं नाव हाय, सर. उंदराला इचारा की, बोट कुणाचं वळखतो. एवढंच हाय माझं."

डॉ. इंगवले हसले. "बघू द्या हो, गंमत आहे." त्यांच्या दृष्टीने ती खरंच गंमत होती, त्यांना जेवायच्या आत सांगलीला परतायचं होतं.

मामांनी बाही दुमडली. "तंबाखू खाऊन आलोय. मग हात धुऊन आलोय, रोज धुतो तसा." त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडून बोट आत घातलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ते दिसत होतं. त्यांचा चेहरा गटारात हात घातल्यासारखा झाला होता. सतराने बोट हुंगलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग पाठ फिरवून कोपऱ्यात जाऊन बसला.

"आता डुबल सर," मामा म्हणाले.

मी तर्जनी आत घातली.

सतरा कोपऱ्यातून सुटला तो थेट बोटावर. दोन्ही पंजांनी माझं बोट धरलं, नखाच्या कडेला तोंड लावलं, आणि डोळे अर्धे मिटून असा काही चाटायला लागला की प्राचार्यांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"बघा!" मॅडम उभ्याच राहिल्या. "याला म्हणतात हाताळणी!"

"पंचवीस वर्षांच्या नोकरीत," डॉ. इंगवले म्हणाले, "मी इतका माणसाळलेला उंदीर पाहिलेला नाही." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनीही वाजवल्या. मॅडमनी तर माझ्या पाठीवर थाप मारली.

टाळ्या न वाजवणारे तिथे तिघे होतो. मामा, मी, आणि सतरा, तो चाटत होता.

मी माझ्या बोटाकडे बघत होतो. नखाच्या कडेला एक काळपट तपकिरी रेघ होती. ती तिथे कायमच असायची, कितीही धुतलं तरी. आईच्या बोटाला अशीच रेघ होती. ती तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, खलबत्त्यात कुटायची, पूड निळ्या डबीत भरायची, आणि ओट्यावर उकिडवी बसून बोटाने दातांवर फिरवायची. गल्लीतल्या सगळ्या बायका फिरवायच्या. त्याला कुणी तंबाखू म्हणत नसे. मिश्री म्हणत, आणि मिश्री लावण्याला दात घासणं म्हणत. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा माझी दाढ किडली. रात्रभर रडलो. पहाटे आईने त्या डबीतली चिमूट घेतली, माझ्या हिरडीवर चोळली आणि म्हणाली, "आता बघ कसा गप होतोस." मी गप झालो. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती. तरी मी दात घासायला मागितलं. आईला कौतुक वाटलं. पोरगं स्वतःहून दात घासतंय.

निकोटीनचा रेणू मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकत होतो. माझ्या वरच्या खिशात, पेनाशेजारी, निळी डबी होती. या दोन गोष्टी कित्येक वर्षं माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी राहत होत्या आणि त्यांनी एकमेकींची कधी चौकशीही केली नव्हती.

"सर," मामा म्हणाले. ते प्राचार्यांशी बोलत होते, पण बघत माझ्याकडे होते. "एकच इचारायचं हाय. डुबल सर दिवसातनं किती येळा दात घासत्यात?"

"हा काय प्रश्न झाला?" प्राचार्य म्हणाले.

"वहीत हाय, सर." मामांनी नोंदवही पुढे सरकवली. "हाताळणीचं पंधरा दिवस. एकेक बघा."

प्राचार्यांनी पान उलटलं. "नऊ पन्नास, डुबल सर दात घासून परत. दहा पंधरा, डुबल सर दात घासून परत. दहा चाळीस..." त्यांचा चेहरा लाल होत गेला. "चोपडे! संस्थेच्या अधिकृत नोंदवहीत तुम्ही एका संशोधकाच्या तोंडाच्या स्वच्छतेची टिंगल करता?"

"टिंगल न्हाय, सर. त्यांना इचारा."

"हे बघा, हा विषय कार्यसूचीवर नाही..."

"सांगून टाक रे," मॅडम वैतागून म्हणाल्या. "लाजतोस काय? किती वेळा घासतोस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोलीत फक्त सतराच्या जिभेचा बारीक आवाज येत होता. मला बोट काढून घ्यायचं होतं, पण त्याने धरून ठेवलं होतं. मामांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते मला फक्त नोंदवही पुढे करत होते, रोज करायचे तशी. कारण लिहा.

अकरा. खरा आकडा अकरा होता.

"दोनदा," मी म्हणालो.

"झालं समाधान?" प्राचार्य म्हणाले.

मामांनी मान डोलावली. मग त्यांनी सतराला माझ्या बोटावरून सोडवलं. हातमोजा न घालता, हळूच, काटा काढावा तसं. पिंजऱ्याचं दार लावलं आणि कापड टाकलं.

ठराव दोन झाले. तंबाखूच्या हातांनी नियंत्रण गट बाधित केल्याबद्दल आणि अधिकृत नोंदवहीत अश्लाघ्य नोंदी केल्याबद्दल श्री. चोपडे यांची सेवा समाप्त. शिवाय यापुढे अधिक स्वच्छतेसाठी संशोधकाने हाताळताना हातमोजे वापरावेत, ही डॉ. इंगवले यांची सूचना. हा दुसरा ठराव सगळ्यांना किरकोळ वाटला.

संध्याकाळी मी प्राणिगृहात गेलो. स्टूल होतं, मामा नव्हते. नोंदवही उघडी ठेवलेली होती. शेवटची नोंद त्यांच्या सरळ, शाळेतल्यासारख्या अक्षरात होती: 'रंगराव चोपडे. बाहेर. ४.४०. कारण: दात घासत नाही.'

पुढे सगळं व्यवस्थित झालं. जुने चोवीस उंदीर नियमाप्रमाणे संपवण्यात आले, सतरासकट. नवे चोवीस आणले. मी हातमोजे घातले. यावेळी साध्या पाण्याच्या गटाने कडू बाटली हुंगली आणि नाक मुरडून मागे फिरला, एकूणएक, पुस्तकात लिहिलंय तसा. दुसऱ्या गटाने बाटली सोडली नाही. मॅडमनी तीन वेळा 'सहमत' लिहिलं. प्रबंधाच्या सुरुवातीला मी आईचे आभार मानले: 'तिच्याशिवाय हे संशोधन शक्य झालं नसतं.' प्रबंधातलं सर्वांत खरं वाक्य तेच असावं.

याला आता अकरा वर्षं झाली. मी त्याच कॉलेजात शिकवतो. तंबाखूविरोधी दिनाला मुख्य वक्ता मीच असतो. भाषणाआधी तीनदा आणि नंतर दोनदा दात घासतो.

आज सकाळी एका लग्नाला गेलो होतो. मंगल कार्यालयाच्या आवारात शिट्टी वाजवत गाड्या लावून घेणारा एक म्हातारा माणूस माझ्या काचेजवळ आला.

"जरा मागं घ्या. आणखी. बास." मग वाकून आत बघितलं. "डुबल सर. दात कसं हायत?"

"ठीक आहेत, मामा. तुम्ही... कसे आहात?"

"हंगामी," मामा म्हणाले. "लग्नसराईपुरता." मग माझ्या वरच्या खिशाकडे बघितलं. डबी दिसत होती. "घासा, घासा," ते म्हणाले आणि मागच्या गाडीला शिट्टी मारली.

मी गाडीतून न उतरताच घरी आलो आणि हा अर्ज टाईप केला. उद्या आवक-जावक खिडकीत देणार आहे.

प्रति,
मा. अध्यक्ष, प्राणी प्रयोग नैतिकता समिती.

विषय: अकरा वर्षांपूर्वीच्या बैठकीच्या इतिवृत्तात दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

सदर बैठकीत अर्जदाराने दिलेल्या उत्तरातील 'दोनदा' हा शब्द वगळून त्या जागी 'अकरा वेळा, मिश्रीने' असे वाचावे. श्री. रंगराव चोपडे यांना त्या दिवसापासून पूर्वलक्षी प्रभावाने सेवेत कायम करण्यात यावे. श्री. चोपडे यांचे निवृत्तीचे वय उलटून गेल्याने हे नियमात बसत नसल्यास, अर्जदाराची वय वर्षे सहा, दाढदुखीच्या त्या पहाटेपासून, साध्या पाण्याच्या गटात बदली करण्यात यावी, जेणेकरून श्री. चोपडे यांना काढून टाकण्याचा प्रसंगच उद्भवणार नाही.

कळावे, ही नम्र विनंती.